आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ : फॉन्तेनब्लो ते सिहावा

1947 साली कोरिया संस्थानाच्या जंगलात, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या उत्तर टोकाला, महाराजा रामानुजप्रताप सिंह देव यांनी एकाच रात्री तीन चित्ते मारले. तिन्ही नर होते. भारतातल्या रानटी चित्त्याची शेवटची पक्की नोंद म्हणून आज हीच घटना सांगितली जाते. तिचे वृत्त मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले, आणि 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. एखादा प्राणी संपत चालला आहे हे तो संपण्याआधी सांगणारी यंत्रणा तेव्हा जगात कुठेच नव्हती. ती पुढे ज्या संस्थेने उभी केली, तिचा जन्म कोरियाच्या त्या रात्रीनंतर लवकरच, 5 ऑक्टोबर 1948 रोजी, पॅरिसजवळच्या फॉन्तेनब्लो या गावी झाला.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ हे तिचे आजचे नाव. वर्तमानपत्रांत ती 'आययूसीएन' म्हणून भेटते. गिधाड किंवा माळढोक यांच्या बातमीत 'अतिसंकटग्रस्त' असा शेरा असतो, तो याच संस्थेच्या यादीतून आलेला असतो. बहुतेकांची ओळख इथवरच थांबते. पण जंगल कोणासाठी राखायचे आणि जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसाचे काय करायचे, या प्रश्नावर संघाने पाऊणशे वर्षांत आपली भूमिका जवळजवळ उलटी फिरवली, हा भाग फारसा लिहिला जात नाही. छत्तीसगडच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भूभागावर जंगल आहे आणि त्याच जंगलाखालच्या लोहखनिजावर आपली भिलाई उभी राहिली. म्हणून हा इतिहास दिल्ली-जिनिव्हाच्या तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. तो भिलाईकरांनीही वाचला पाहिजे.

निसर्गरक्षणासाठी राष्ट्रांनी एकत्र यावे ही कल्पना त्याआधीची. स्वित्झर्लंडच्या पॉल सारासिन यांच्या खटपटीने 1913 मध्ये बर्न येथे सतरा देशांचे प्रतिनिधी जमले, एक सल्लागार आयोगही ठरला. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि आयोग कागदावर राहिला. वनसंशोधन संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ तर 1892 पासून आहे, पण त्याचे काम प्रामुख्याने वनशास्त्राच्या अभ्यासाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्विस निसर्गप्रेमींनी पुन्हा उचल खाल्ली. युनेस्कोचे पहिले महासंचालक ज्युलियन हक्स्ली हे स्वतः जीवशास्त्रज्ञ होते. त्यांनी ती मागणी उचलून धरली आणि फ्रान्स सरकारने यजमानपद घेतले. फॉन्तेनब्लोच्या परिषदेत 18 सरकारे, 7 आंतरराष्ट्रीय संस्था आणि 107 राष्ट्रीय संस्थांनी संघाच्या घटनेवर सह्या केल्या.

या आकड्यांतच संघाचे वेगळेपण आहे. संयुक्त राष्ट्रांत फक्त सरकारे बसतात, स्वयंसेवी संस्थांच्या मेळाव्यात फक्त संस्था. इथे दोघेही सभासद, आणि एखादा ठराव संमत व्हायचा तर सरकारी गट आणि संस्थांचा गट या दोन्हींत स्वतंत्रपणे बहुमत मिळावे लागते. एखाद्या देशाच्या वनमंत्रालयाला आणि त्याच मंत्रालयाशी न्यायालयात भांडणाऱ्या संस्थेला एका सभागृहात, एकाच मसुद्यावर बोलायला लावणारी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही.

सुरुवातीची वर्षे ओढगस्तीची गेली. चार्ल्स बर्नार्ड हे स्विस गृहस्थ पहिले अध्यक्ष, तर बेल्जियमचे झाँ-पॉल हारॉय पहिले सरचिटणीस, कचेरी ब्रुसेल्सला. पैसा तुटपुंजा आणि युनेस्कोच्या मदतीवर भिस्त. पहिले नाव निसर्ग 'रक्षण' संघ असे होते. 1956 च्या एडिनबरो अधिवेशनात 'संवर्धन' आले. 1961 मध्ये कचेरी स्वित्झर्लंडमधल्या मॉर्ज गावी हलली आणि त्याच वर्षी, संघाच्या कामासाठी निधी गोळा करावा या हेतूने, जागतिक वन्यजीव निधी म्हणजे 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' स्थापन झाला. पांडाच्या चित्रामुळे धाकटी संस्था घरोघर पोहोचली आणि थोरली तज्ज्ञांपुरती राहिली, असे पुढे झाले खरे.

हारॉय यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. संघातून बाहेर पडल्यावर ते आफ्रिकेतल्या रुआंडा-उरुंडी या बेल्जियन ताब्यातल्या मुलखाचे सर्वोच्च प्रशासक झाले. तो काळच तसा होता. युरोपातले सुजाण, तळमळीचे लोक आफ्रिका-आशियातली जंगले वाचवायला निघाले होते आणि त्या जंगलांवर राज्यही त्यांचेच होते. जंगलातला माणूस म्हणजे शिकारी, कुऱ्हाडवाला, आग लावणारा, हे गृहीत धरूनच पहिले ठराव लिहिले गेले. या दृष्टीचा ठसा पुढे बराच काळ, आपल्या देशातल्या कायद्यांवरही, राहिला.

संघाचे सर्वांत टिकाऊ काम मात्र याच काळात सुरू झाले. जगातल्या धोक्यातल्या जीवजातींची माहिती जमवणारा आयोग 1949 मध्ये नेमला गेला आणि 1964 पासून 'रेड डेटा बुक' म्हणजे लाल यादीचे काम आकाराला आले. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ पीटर स्कॉट यांचा त्यामागे मोठा हात. आरंभीच्या याद्या सुट्या पानांच्या असत. नवी माहिती आली की जुने पान काढायचे, नवे घालायचे. कोणती जात किती धोक्यात, हे तेव्हा जाणकारांच्या अंदाजावर ठरे. 1994 मध्ये त्याला आकड्यांची कसोटी आली. ती आज अशी आहे. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, एखाद्या जातीची संख्या ऐंशी टक्क्यांनी घटली तर ती अतिसंकटग्रस्त; पन्नास टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त; तीस टक्क्यांनी घटली तर असुरक्षित. जननक्षम प्राणी पन्नासहून कमी उरले असतील तरीही ती थेट अतिसंकटग्रस्त. आज या यादीत दीड लाखाहून अधिक जाती तपासून नोंदल्या आहेत आणि त्यांतल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक धोक्यात आहेत.

यादी करून काय होते, असे विचारणाऱ्यांना गिधाडांची हकिकत सांगावी. पांढऱ्या पाठीचे गिधाड एकेकाळी इतके सर्वसामान्य होते की त्याच्याकडे कोणी मान वळवून पाहत नसे. राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या विभू प्रकाश यांना नव्वदच्या दशकात घरटी ओस पडताना आणि झाडांवर माना टाकलेली गिधाडे दिसू लागली. त्यांनी ते 1999 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. 2000 मध्ये संघाच्या यादीत हे गिधाड अतिसंकटग्रस्त ठरले. तिथून जगभरच्या संशोधकांचा शोध सुरू झाला. गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे शेजारच्या पाकिस्तानातल्या अभ्यासातून सिद्ध झाले. 2006 मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मुंबईच्या एका जुन्या संस्थेतला अभ्यासक, एक आंतरराष्ट्रीय यादी आणि एक सरकारी अधिसूचना, अशी ही साखळी. यादी नसती तर गिधाडे गावातून गेली एवढेच आपण म्हणत बसलो असतो.

भारताच्या दृष्टीने संघाच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष 1969. त्या वर्षी भारत सरकार संघाचे सभासद झाले आणि 24 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर या काळात संघाचे दहावे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. उद्घाटन पंतप्रधान इंदिरा गांधींनी केले. वाघांची घटती संख्या आणि कातड्यांचा राजरोस व्यापार यांवर कैलास सांखला यांच्यासारखे वनाधिकारी बोलले आणि वाघाच्या शिकारीवर बंदी घालावी असा ठराव झाला. अधिवेशन चालू असतानाच, 27 नोव्हेंबरला, मुंबईत जागतिक वन्यजीव निधीची भारतीय शाखा नोंदली गेली. तिचे पहिले अध्यक्ष बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड. त्याच वर्षी संघाचे जॉन सी. फिलिप्स पदक सालिम अलींना मिळाले. ठराव नुसताच कागदावर राहिला नाही. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीला बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याच वर्षीच्या गणनेत देशात अठराशेच्या आसपास वाघ भरले आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. सांखला त्याचे पहिले संचालक. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या शेजारचे कान्हा होते, विदर्भातले मेळघाट होते.

दिल्लीच्या त्याच अधिवेशनात आणखी एक निर्णय झाला. राष्ट्रीय उद्यान कशाला म्हणावे याची व्याख्या संघाने मंजूर केली. माणसाच्या वापराने आणि वस्तीने ज्याचे रूप फारसे पालटलेले नाही असा विस्तीर्ण प्रदेश म्हणजे राष्ट्रीय उद्यान, आणि तिथला वापर व वस्ती शक्य तितक्या लवकर हटवण्यासाठी देशाच्या सर्वोच्च अधिकारी संस्थेने पावले उचललेली असावीत, असा तिचा आशय होता. वाघाचा ठराव सर्वांना आठवतो. या व्याख्येची आठवण फारशी कोणी काढत नाही. माझ्या मते आपल्या भागातल्या माणसांच्या आयुष्यावर या व्याख्येचा परिणाम अधिक खोल झाला. अमेरिकेतल्या यलोस्टोनसारख्या उद्यानांचा नमुना समोर ठेवून केलेले हे शब्द मध्य भारतात येऊन पोहोचले, तेव्हा इथे रिकामे जंगल कुठेच नव्हते. गोंड, बैगा, कमार, भुंजिया, माडिया यांची गावे, शेते, देवराया आणि मोहाची झाडे त्या जंगलात होती.

कान्हाचे उदाहरण दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. भिलाईहून कवर्धा-चिल्फीचा घाट चढून गेले की कान्हाचा मुलूख लागतो. कडक जमिनीवर वावरणारा बारशिंगा जगात फक्त तिथे उरला होता आणि 1970 मध्ये त्याची संख्या 66 वर आली होती. जॉर्ज शालर यांनी 1963 ते 1965 या काळात कान्हात राहून वाघ आणि हरणांचा अभ्यास केला होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी क्लॉड मार्टिन हा स्विस तरुण केवळ बारशिंग्यासाठी तिथे येऊन राहिला. पुढे तो जागतिक वन्यजीव निधीचा महासंचालक झाला. 1969 पासून कान्हाच्या गाभ्यातली गावे उठवली गेली, त्यांच्या जागी कुरणे वाढली, आणि बारशिंगा वाचला. आज तो हजाराच्या घरात आहे. हे यश नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या बैगा कुटुंबांनी त्यासाठी गाव सोडले, त्यांच्या वाट्याला काय आले याची नोंद बारशिंग्याच्या गणनेइतक्या काटेकोरपणे कुणी ठेवली नाही. ती ठेवायला हवी होती, आणि ती जबाबदारी व्याख्या करणाऱ्यांचीही होती.

संघाच्या श्रेयाची गोष्ट ही की त्याने आपली दृष्टी बदलली. 1975 मध्ये झाईरची राजधानी किन्शासा इथे अधिवेशन भरले, तेव्हा पारंपरिक जीवनपद्धतींच्या रक्षणाचा ठराव आला. उद्याने उभारताना तिथल्या मूळ रहिवाशांना उठवू नये, त्यांच्या जगण्याच्या रीतींतून निसर्ग राखला जातो तिथे त्या रीतींना बळ द्यावे, असे संघाने पहिल्यांदाच म्हटले. अधिवेशन आफ्रिकेत भरले होते आणि वसाहतींचे राज्य संपले होते, याचा या ठरावाशी संबंध नक्की आहे. अर्थात ठराव झाला म्हणून जगातली वनखाती दुसऱ्या दिवशी बदलली नाहीत. आपल्याकडेही गावे उठतच राहिली.

पुढची काही वर्षे थोडक्यात सांगतो. दुर्मिळ जीवांच्या व्यापारावर अंकुश ठेवणारा 1973 चा साइट्स करार संघाच्या 1963 च्या नैरोबी ठरावातून उगवला. पाणथळ जागांसाठीच्या 1971 च्या रामसर कराराचे कार्यालय आजही संघाच्याच आवारात, स्वित्झर्लंडमधल्या ग्लँड गावी आहे. 1980 मध्ये आलेल्या जागतिक संवर्धन नीतीने शाश्वत विकासाची भाषा सरकारांच्या तोंडी घातली. 1984 ते 1990 या काळात एम. एस. स्वामीनाथन संघाचे अध्यक्ष होते, 2008 ते 2012 मध्ये अशोक खोसला. 1999 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत संघाला निरीक्षकाचा दर्जा मिळाला आणि 2007 मध्ये दिल्लीत त्याची भारतीय कचेरी उघडली.

भिलाईच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा 2000 सालच्या अम्मान अधिवेशनाचा. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये ज्या वर्गांत मोडतात, त्या पहिल्या चार वर्गांच्या संरक्षित क्षेत्रांत खाणकामाला सरकारांनी मनाई करावी, अशी शिफारस तिथे झाली. आपल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली तेव्हापासून तिचे खनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले. तो साठा उतरणीला लागल्यावर नजर बस्तरच्या वाटेवरच्या रावघाटकडे वळली. रावघाट हे राखीव जंगल आहे. उद्यान किंवा अभयारण्य नाही. म्हणजे अम्मानची शिफारस तिथे लागू होत नाही. संघाच्या रचनेतली ही मोठी फट मला वाटते. ज्यावर पाटी लागली आहे ते जंगल जपायचे आणि ज्यावर नाही त्याचा हिशेब खनिजाच्या टनांत करायचा, असे होऊन बसते. हत्ती, अस्वल, डोंगरी मैना यांना पाटी वाचता येत नाही. खाणीच्या आसपासच्या जंगलाचा प्रश्न तिथल्या कामगारांनीच मनावर घेतला, हेही इथे नोंदवले पाहिजे. ऐंशीच्या दशकात कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने दल्ली-राजहरात स्थानिक झाडांची ओळख करून देण्याचा आणि ती लावण्याचा उपक्रम चालवला होता.

2003 मध्ये डर्बन इथे भरलेल्या जागतिक उद्यान परिषदेत किन्शासाच्या ठरावाला खरे बळ आले. स्थानिक लोकांनी स्वतः राखलेले क्षेत्र हेही संवर्धनाचेच क्षेत्र, ही मान्यता तिथे पक्की होत गेली. संघाच्या 2008 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती नीट लिहिली गेली. यात पुण्याच्या 'कल्पवृक्ष'चे आशिष कोठारी यांचा मोठा वाटा आहे. लोकसमुदाय आणि संरक्षित क्षेत्रे या विषयावर संघाने नेमलेल्या गटाचे ते 1999 ते 2008 या काळात सहअध्यक्ष होते.

त्यांच्यासमोरचे एक उदाहरण गडचिरोलीचे होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाचा अभ्यास 'कल्पवृक्ष'ने केला होता. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने हे गाव ऐंशीच्या दशकापासून ग्रामसभेत सर्वसहमतीने जंगलाचे निर्णय घेत आले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. वनहक्क कायदा 2006 मध्ये संमत झाला आणि 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. बांबूच्या वाहतुकीचे परवाने मात्र वनखात्याच्याच हातात होते. ते ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडले. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले. हक्काचा कागद हाती येणे आणि हक्क बजावता येणे यांत किती अंतर असते, ते या दोन वर्षांत दिसते.

हेच आता आपल्या दाराशी घडते आहे. भिलाई कारखान्याला पाणी देणाऱ्या धरणांत तांदुला आहे, तसे महानदीवरचे गंगरेलही आहे. ती महानदी धमतरी जिल्ह्यात, नगरी तालुक्यातल्या सिहावाच्या डोंगरात उगम पावते. सिहावाच्या लोकांनी 1922 मध्ये जंगलावरच्या निर्बंधांविरुद्ध सत्याग्रह केला, गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाच्या आठ वर्षे आधी. 1930 मध्ये रुद्रीजवळ नवागावच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह झाला, तेव्हा धमतरीचे नारायणराव मेघावाले आणि नथूजी जगताप ही मराठी मंडळी पुढे होती. याच रुद्रीहून महानदीचा कालवा निघतो. फॉन्तेनब्लोला सह्या होण्याच्या कितीतरी आधी इथले लोक जंगलावर आपला हक्क सांगत होते, त्यासाठी तुरुंगात जात होते.

त्या नगरी तालुक्यातल्या जबर्रा गावाला 2019 मध्ये पाच हजारांहून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक वनसंसाधन हक्क मिळाला. 2021 मध्ये उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या पाच गावांनाही तसाच हक्क दिला गेला. 1969 च्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आणि गावाचा हक्क एका नकाशावर बसूच शकत नाहीत. इथे ते बसवले गेले आहेत. ग्रामसभांनी आपला आराखडा करायचा, वणवा विझवायचा, चोरटी तोड थांबवायची, आणि वनखात्याने त्यांच्या बरोबरीने उभे राहायचे, ही व्यवस्था अजून कच्ची आहे. तिला पैसा, वेळ आणि खात्याचा मनापासून पाठिंबा हवा. तो मिळाला तर संघाच्या सगळ्या ठरावांहून मोठा पुरावा सिहावाच्या डोंगरातून उभा राहील, असा माझा विश्वास आहे.

उदंतीची रानम्हैस ही त्याची निकडीची परीक्षा. आपल्या राज्याचा हा प्राणी संघाच्या यादीत 1986 पासून संकटग्रस्त आहे. जगात उरलेल्या चार हजारांहून कमी रानम्हशींपैकी बहुतेक आसामात. उदंतीत एक वेळ अशी आली की पिले देऊ शकणारी एकच मादी उरली. तिचे नाव आशा. यादीतला शेरा वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असूनही आपण एका मादीपर्यंत वेळ येऊ दिली, हा दोष यादीचा नाही.

चित्त्याच्या पुनरागमनातही संघाचा शब्द निर्णायक ठरला. आफ्रिकेतला चित्ता भारतात आणण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये रोखली, तेव्हा निकालात संघाच्या प्राणी-पुनर्स्थापनेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला होता. जानेवारी 2020 मध्ये न्यायालयाने प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाचे चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले. संघाचे मार्गदर्शन कोणावर बंधनकारक नाही. तरी न्यायाधीश ते वाचतात आणि सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागते. एकही वनरक्षक, एकही न्यायालय, दंडाची एकही पावती पुस्तिका नसलेल्या संस्थेचे वजन हे असे असते.

त्याचबरोबर संघाच्या नव्या मोहिमा डोळे मिटून स्वीकारू नयेत. 2011 मध्ये जर्मनी आणि संघाने बॉन आव्हान जाहीर केले. जगातली 15 कोटी हेक्टर उजाड जमीन 2020 पर्यंत सावरायची असा तो संकल्प होता. भारताने 2019 मध्ये आपला वाटा 2 कोटी 60 लाख हेक्टरपर्यंत वाढवला. हेतू चांगला आहे. पण हेक्टर मोजताना निलगिरीची एकसुरी लागवडही जंगल म्हणून मोजली जाते. बस्तरच्या लोकांना हे सांगायला नको. सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने तिथले साल तोडून कागदासाठी पाइन लावण्याची योजना आखली होती. लोकांच्या विरोधामुळे ती गुंडाळावी लागली. साल तोडले की मोह, चार, तेंदू, साल बी, पावसाळ्यातली बोडा अळंबी सगळेच जाते, हे बस्तरच्या बाईला कोणत्याही अहवालाआधी कळले होते. 2024 मध्ये संघानेच जगातल्या सत्तेचाळीस हजारांहून अधिक वृक्षजातींचा आढावा प्रसिद्ध केला; त्यांतल्या 38 टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. असे असताना हेक्टरच्या आधी जात विचारली पाहिजे.

संघाची आजची घडी मोठी आहे. चौदाशेहून अधिक सभासद, सोळा हजारांहून अधिक विनावेतन काम करणारे तज्ज्ञ. 2016 च्या हवाई अधिवेशनात मूलनिवासी समाजांच्या संघटनांना स्वतंत्र सभासदवर्ग मिळाला. सरकार आणि संस्था यांच्या शेजारी आता तेही मतदानाला बसतात. किन्शासापासून तिथे पोहोचायला एक्केचाळीस वर्षे लागली.

ऑक्टोबर 2025 मध्ये अबू धाबीच्या अधिवेशनात भारताने स्वतःची राष्ट्रीय लाल यादी करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. 2030 पर्यंत देशातल्या हजारो प्राणी-वनस्पतींची तपासणी व्हायची आहे. काम भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण यांच्याकडे. या कामाला जागोजागच्या नोंदी लागतील, आणि मध्य भारताच्या नोंदी नेहमीच तोकड्या पडत आल्या आहेत. भिलाईत निवृत्त अभियंते आहेत, शिक्षक आहेत, कॅमेरा घेऊन पहाटे मरोदा तलावाकडे जाणारी तरुण मुले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. जे पाहाल ते तारीख, जागा आणि छायाचित्रासह लिहून ठेवा, ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्टवर नोंदवा, काही विशेष दिसले तर वनमंडळाच्या कचेरीत कळवा. टाउनशिपमधली झाडे आणि पक्षी यांपासून सुरुवात करा; मग सुट्टीच्या दिवशी तांदुला, दल्ली-राजहरा, सिहावा इथे जा. तिथे गेलात तर वनविश्रामगृहाच्या चौकीदाराला विचारण्याआधी गावच्या ग्रामसभेतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारा. त्यांना झाडांची नावे आपल्याहून अधिक ठाऊक आहेत.